स्पीड टेस्ट चांगली येते, मग नेट अडकतं कुठं? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला आलेल्या बऱ्याच पत्रांना स्पीड टेस्टचा फोटो जोडलेला होता. फोटो जरूर पाठवा, पण सोबत तीन गोष्टी लिहा : चाचणी वायर लावून केली की वायफायवर, किती वाजता केली आणि त्या वेळी घरात आणखी कोण नेट वापरत होतं. एवढं कळल्याशिवाय त्या आकड्यावरून दुखणं सांगता येत नाही. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत.

प्रश्न : शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे. स्पीड टेस्ट कधीही करा, नव्वदच्या आसपास येते. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. सकाळी सगळं ठीक चालतंय, खरं संध्याकाळी मीटिंग सुरू झाली की माझा आवाज तुटायलाय. पुण्याचे लोक म्हणतात, ‘बेळगावचं नेटच तसलं.’ नेट कंपनी बदलू का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, घाई करू नका. छापण्याआधी मी तुम्हाला एक चाचणी करायला सांगितली होती. तिचे आकडे तुम्ही पाठवलेत, आणि त्यावरून दुखणं बऱ्यापैकी उघड झालंय.

स्पीड टेस्ट सांगते की एका सेकंदात किती माल येऊ शकतो. मीटिंगला एवढा माल लागतच नाही. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. तिला लागतं ते वेळेवर पोचणं. फास्ट डॉट कॉम उघडा. मोठा आकडा आला की खाली ‘शो मोअर इन्फो’ असं बटण दिसतं. ते दाबलं की लेटन्सी दोनदा दाखवतात : एक लाइन मोकळी असताना, दुसरी लाइन भरलेली असताना. लेटन्सी म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. तुमच्याकडे मोकळ्या लाइनवर ९ मिलिसेकंद आहेत, भरलेल्या लाइनवर ३८०. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जुनी शिफारस आहे की बोलणं सहज व्हायचं तर आवाज एका बाजूनं दुसरीकडं पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. तुमचे ३८० जाऊन-येऊनचे आहेत; अर्धे धरले तरी लाइन भरली की तुम्ही त्या मर्यादेच्या बाहेर जाता. सकाळी लाइन मोकळी असते म्हणून काही जाणवत नाही.

आता संध्याकाळी लाइन भरतं कोण? तुम्ही लिहिलंय की दोन्ही मुलं सहाच्या सुमाराला घरी येतात. त्यांचे फोन वायफायला लागले की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात. माझा संशय या चढणाऱ्या मालावर आहे. बिलावर किंवा प्लॅनच्या पानावर बघा, अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी लिहिलाय का. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यासमोर ट्रॉल्यांची रांग लागते, त्या रांगेत एखादी ॲम्ब्युलन्स अडकावी तसं तुमच्या आवाजाचं होतं. राउटर कोणतंही पॅकेट, म्हणजे मालाचा छोटा तुकडा, टाकून द्यायला तयार नसतो, सगळी साठवून ठेवतो, आणि मागून आलेला तुमचा शब्द त्या साठ्याच्या शेपटाला उभा राहतो. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्यानं साधारण २०१० सालानंतर त्याचा पाठपुरावा केला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. आज चांगल्या राउटरमध्ये ती किंवा तिची पुढची रूपं ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावानं मिळतात.

तेव्हा आधी मुलांच्या फोनमधलं फोटो बॅकअप मीटिंगच्या वेळी बंद ठेवून बघा. याला एक पैसा लागत नाही. फरक पडला तर निदान पक्कं झालं. मग राउटरच्या सेटिंगमध्ये ती एसक्यूएमची सोय आहे का पाहा आणि वरचा-खालचा वेग खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधून टाका. स्पीड टेस्टचा आकडा थोडा उतरेल, उतरू द्या. राउटरमध्ये ती सोय नसेल तर नेट कंपनी बदलण्याऐवजी राउटर बदला.

आणखी एक. शहापुरातल्या जुन्या घरांच्या भिंती जाड आहेत. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण असल्या भिंतीतून पलीकडं जाताना लवकर दमते. २.४ची लहर लांब जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. गल्लीतली सगळी घरं तीच वापरतात. फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारचं ॲप टाकलंत तर शेजारी कुठल्या चॅनेलवर आहेत ते दिसेल. पण हे सगळं नंतर. पहिली चाचणी लॅपटॉपला वायर लावूनच करा, म्हणजे भिंतीचा दोष लाइनच्या माथी जाणार नाही.

प्रश्न : आमचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. आठ कॅमेरे आणि डीव्हीआर बसवलाय, घरून मोबाईलवर बघतो. ओळखीच्या एका पोरानं सांगितलं की ‘शोडान’ नावाच्या साइटवर अख्ख्या जगाचे कॅमेरे सापडतात. मी आपला पत्ता टाकून बघितला, काही आलं नाही. दुसऱ्या एका साइटवर पोर्ट तपासले, सगळे हिरवे आले. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?
— एक कारखानदार, बेळगाव

उत्तर : दादा, तुम्ही तपासलंत हेच मोठं काम केलंत. पोर्ट म्हणजे नेटवरून यंत्रात शिरायची क्रमांक दिलेली दारं. पण त्या हिरव्या रंगावर एवढ्यात भरवसा ठेवू नका. तुम्ही तपासलेला पत्ता तुमचाच होता का, हे आधी बघू.

राउटरच्या पानावर जा. तिथं ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या नावाखाली एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा तुमचा क्रमांक, असेल. तो वहीत लिहा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी कोणता’ सांगणारी कुठलीही साइट उघडा आणि तिथला पत्ता त्याच्या खाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुमची चाचणी खरी. राउटरमधला पत्ता १०नं सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, आणि बाहेरच्या साइटवर भलताच दिसत असेल, तर तुमच्या नेटवाल्यानं अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. १००.६४चा हा टप्पा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा वेळी पोर्ट तपासणारी साइट तुमचा डीव्हीआर तपासत नसते, ती नेटवाल्याच्या यंत्राचं दार वाजवून परत येते. तिथलं हिरवं चिन्ह तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

समजा पत्ता तुमचाच आहे. तरी कोणते पोर्ट तपासले ते बघा. तुम्ही जी ‘शील्ड्सअप’ साइट वापरलीत ती खूप जुनी आणि चांगली आहे, पण तिची ‘ऑल सर्व्हिस पोर्ट्स’ ही चाचणी पहिल्या १०५६ पोर्टांपुरतीच आहे. डीव्हीआर बऱ्याचदा ८००० किंवा ३७७७७ अशा वरच्या पोर्टावर बसलेला असतो. तो त्या चाचणीत येतच नाही. त्याच साइटवर हवा तो पोर्ट क्रमांक लिहून तपासायची सोय आहे, ती वापरा. ८०, ५५४, ८००० आणि ३७७७७ हे चार तरी तपासाच. शिवाय तुमच्या डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जे क्रमांक लिहिलेत तेही.

ही साइट जुन्या धर्तीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते तपासते. तुमच्या राउटरला आयपीव्ही६ मिळत असेल तर आतल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा बाहेरून दिसू शकणारा पत्ता असतो. तिथं राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या मागण्या अडवणारी सोय, चालू आहे का, हे वेगळं बघावं लागतं. बसवणारे लोक ही गोष्ट हमखास विसरतात.

आता शोडान. जॉन मॅथरलीनं २००९ मध्ये ते सुरू केलं. ते दिवसरात्र जगभरचे पत्ते चाळत असतं आणि कुठं काय उघडं दिसलं याची नोंद ठेवतं. तुम्ही शोधता तेव्हा त्याच क्षणी तपासणी होत नाही, आधीची नोंद दिसते. तुमचा आयपी राउटर बंद-चालू केल्यावर बदलत असेल, तर आज सापडलेली नोंद काल तो पत्ता ज्याच्याकडं होता त्याची असू शकते. काही सापडलं नाही याचा अर्थ ‘त्यांच्या वहीत नाही’ एवढाच. आणि तिथं दुसऱ्याचा कॅमेरा दिसला तर आत शिरून बघू नका. पासवर्ड सोपा होता म्हणून आत गेलो, हे कारण चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे तो गुन्हा आहे. त्या पोरालाही सांगा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला या सगळ्यापेक्षा जास्त खटकलं : ‘पासवर्ड बसवणाऱ्यानं टाकला तोच आहे.’ २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मोठ्या संख्येनं ताब्यात घेतले. त्यासाठी त्यानं काही अवघड केलं नव्हतं. कारखान्यातून येतानाच यंत्रात भरलेली नाव-पासवर्डची साठेक जोड्यांची यादी तो एकेक करून लावून बघत होता. २१ ऑक्टोबर २०१६ला असल्या यंत्रांच्या फौजेनं डाइन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्या दुकानदारांना आणि घरमालकांना पत्ताही नव्हता. मिराय यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा, बंद-चालू केलं की जायचा, पण पासवर्ड तोच राहिला तर पुन्हा शिरायचा.

तेव्हा आजच्या आज पासवर्ड बदला. राउटरमधलं ‘यूपीएनपी’ बंद करा, कारण त्याच्या जोरावर डीव्हीआर तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडून घेतो. बसवणाऱ्यानं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली मागणी थेट डीव्हीआरकडं पाठवायची सोय, केली असेल तर ती काढा. डीव्हीआरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) कंपनीच्या साइटवरून नवं करा. कॅमेरे आणि हिशेबाचा संगणक एकाच नेटवर्कवर ठेवू नका. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर तिकडं टाका, मोबाईलवर दिसणं बहुतेक वेळा तसंच चालू राहतं. सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून आहे. तिथं संगणक आणि फोन साफ करायची साधनं फुकट मिळतात. हिशेबाच्या संगणकावर ती एकदा चालवा.

प्रश्न : खानापुरात आमचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र आहे. दाखल्याची नाहीतर उताऱ्याची साइट उघडली नाही की लोक म्हणतात, तुझं नेटच बेकार. साइट चालू आहे की बंद ते सांगणाऱ्या एका परदेशी साइटवर तपासलं तर ‘बंद आहे’ आलं. पाच मिनिटांत शेजाऱ्याच्या मोबाईलवर तीच साइट उघडली की. खरं कुणाचं धरायचं? आणि ट्रेसरूट केलं की मधे तारे-तारे येतात, तिथं लाइन तुटलीय काय?
— एक केंद्रचालक, खानापूर

उत्तर : मोबाईलचं खरं धरा. आपल्याकडच्या काही सरकारी साइट भारताबाहेरून आलेली मागणी मुद्दाम अडवतात. तपासणारं यंत्र जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेलं असेल तर त्याला दार बंदच दिसणार. म्हणून सरकारी साइटसाठी ते साधन वापरू नका. तुमच्या खिशातला दुसऱ्या कंपनीचा मोबाईल डेटा हेच त्या कामाचं साधन.

पडद्यावर काय चूक दाखवतात ती वाचायची सवय लावा, बरंचसं तिथंच कळतं. ५०२, ५०३, ५०४ असे आकडे आले तर तुमचं नेट ठणठणीत आहे. तुम्ही पलीकडच्या दारापर्यंत पोचलात, आतलं यंत्र उत्तर देत नाही. गिऱ्हाइकाला तो आकडा दाखवा आणि समजावून सांगा. ‘डीएनएस’ असा शब्द चुकीत दिसला तर साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं काम अडलंय. अशा वेळी संगणकावर ‘एनएसलुकअप’ चालवा. एकदा नेहमीच्या डीएनएसवर, एकदा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या सगळ्यांना खुल्या डीएनएसवर. एकाकडून पत्ता मिळाला आणि दुसऱ्याकडून नाही, तर संगणकाचा डीएनएस बदलून काम चालू करा. ‘टाइम आउट’ आलं तर मात्र वाटेतलं काहीतरी बघावं लागतं, आणि ट्रेसरूट तिथं कामाला येतं. तुमची मागणी कुठल्या कुठल्या राउटरवरून जाते ते ते टप्प्याटप्प्यानं दाखवतं.

ताऱ्यांना घाबरू नका. तारा म्हणजे त्या टप्प्यावरच्या राउटरनं तुमच्या चौकशीला उत्तर दिलं नाही, एवढंच. पुष्कळ राउटर असल्या चौकशांना मुद्दाम उत्तर देत नाहीत किंवा मोजकीच देतात, पण तुमचा माल मात्र पुढं नेतात. शेवटच्या ओळीपर्यंत उत्तर येत असेल तर मधले तारे सोडून द्या. एका टप्प्यापासून शेवटपर्यंत तारेच तारे आले तरी लगेच लाइन तुटली म्हणू नका, कारण सरकारी साइटच्या फायरवॉलही चौकशीला उत्तर देत नाहीत. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या साइटचा ट्रेसरूट काढा. तोही तिथंच थांबला तर नेटवाल्याला फोन लावा.

वेळेचा आकडा वाचताना अंतराचा हिशेब डोक्यात ठेवा. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. बेळगावाहून बेंगळूरु रस्त्यानं सुमारे ५०० किलोमीटर, मुंबईही जवळपास तेवढीच. तेव्हा या दोन शहरांपर्यंत पाचाच्या खाली फारसं येणार नाही, दहा ते वीस आले तर छान. दोनशेच्या पुढं गेलं तर बहुधा ती साइट समुद्रापलीकडं ठेवलेली आहे, तिथं तुमचा नेटवाला काही करू शकत नाही. तुम्ही पाठवलेल्या ट्रेसरूटमध्ये कोल्हापूरच्या एका दुकानाची साइट आधी बेंगळूरु, मग मुंबई अशी पोचली. खानापूर-कोल्हापूर अंतर बघता विचित्र वाटतं, पण तारांचे रस्ते आपल्या हायवेवरून ठरत नाहीत. कंपन्या एकमेकींना कुठल्या शहरात भेटतात यावर ते ठरतं.

प्रश्न : चिकोडी तालुक्यात राहतो. ऊस सुरू झाला की ट्रॉल्या वरची केबल ओढून नेतात. ऑपरेटर जोडून जातो, त्यानंतर नेट दिवसातून पाच-सात वेळा जातं आणि येतं. फोन केला की म्हणतो, ‘आमच्याकडून ओके दिसतंय, तुमचा राउटर बघा.’ पुरावा कसा द्यायचा?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि पुरावा तुमच्या घरातच आहे. घाईत जोडलेली किंवा खांबाला बांधताना मुडपलेली तार प्रकाश गळवते. लाइन पूर्ण मरत नाही, पण काठावर येते. ओएनटी, म्हणजे तार जिथं येते ती छोटी पेटी, तिच्या पानावर ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असा उणे आकडा असतो. उणे १५ ते उणे २४-२५ असेल तर ठीक. उणे २७च्या आसपास किंवा त्याखाली गेला असेल तर घरच्या राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. पेटीवरचा ‘एलओएस’ दिवा लाल लुकलुकला तर वेळेसकट त्याचा फोटो काढा.

दुसरं, संगणकावर तीन खिडक्यांत ‘पिंग’ (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते विचारणारी आज्ञा) सतत चालू ठेवा : एकीत तुमचा राउटर (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत ट्रेसरूटमध्ये राउटरनंतर येणारा पहिला पत्ता, तिसरीत ८.८.८.८. तो दुसरा पत्ता पिंगला उत्तरच देत नसेल तर त्याच्या पुढचा घ्या. नेट गेलं की बघा. राउटरही उत्तर देत नसेल तर घरातला दोष. राउटर देतो आणि पुढचे दोन्ही देत नाहीत, तर दोष तुमच्या घरापासून ऑपरेटरपर्यंतच्या तारेत किंवा त्याच्या यंत्रात. पहिले दोन देतात आणि तिसराच नाही, तर ऑपरेटरच्याही पुढं. चार दिवस वेळा लिहून ठेवा.

फोनवरच्या बोलण्याला किंमत नसते, तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत जाता येतं, त्याला फी नाही. अपिलाला आकडा, फोटो आणि वेळांची यादी जोडा.

प्रश्न : पुतण्याच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल आली. नावाच्या शेवटी ‘एपीके’ आहे. नातवानं ती ‘व्हायरसटोटल’वर टाकली, दोनच ठिकाणी लाल आलं, बाकी सगळं हिरवं. तो म्हणतो, बहुमत चांगलं आहे. उघडू का?
— निवृत्त शिक्षक, वडगाव, बेळगाव

उत्तर : गुरुजी, उघडू नका. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं ॲप. ती बसली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचे ओटीपी तिकडं जातात. मग तुमच्याच यादीतल्या लोकांना तुमच्या नावानं पत्रिका जायला लागते. पुतण्याच्या फोनचं तेच झालेलं असणार. त्याला आधी साधा फोन करा, व्हॉट्सॲपवर निरोप नको. नेट बंद करून ते ॲप काढायला आणि दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोलायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते.

नातवानं तपासलं याचं कौतुक करा, फक्त मोजणी शिकवा. व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं, २०१२ पासून ते गूगलकडं आहे. तिथं सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकाच वेळी फाइल बघतात. नवी बनवलेली फाइल बहुतेकांच्या ओळखीची नसते, म्हणून त्यांच्या बाजूनं हिरवं येतं. ओळखीची आणि मोठी नावं असलेल्या दोघांनी लाल दाखवलं असेल तर तेवढं पुरे. आज रात्री तीच फाइल परत तपासून बघा, लाल वाढलेले असण्याची शक्यता आहे. मात्र आधार, पासबुक, रुग्णालयाचे कागद असलं काही तिथं चढवू नका. चढवलेली फाइल तिथल्या सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सदस्यांना मिळू शकते.

बँकेच्या नावानं लिंक आली तर पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा पत्ता ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. हे शब्द साइटच्या नावाच्या, म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) आधीच्या भागाच्या, अगदी शेवटी असायला हवेत. त्या भागात ते मधे कुठंतरी असतील आणि रेघेआधी पुढं आणखी काही असेल तर ती फसवणूक.

प्रश्न : पासवर्ड फुटलाय का ते सांगणाऱ्या साइटवर पासवर्डच टाकायचा म्हणजे स्वतःहून देणंच झालं की नाही?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : शंका अगदी बरोबर आहे, आणि अशी शंका येणारी मुलगीच या विषयात पुढं जाते. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटपुरतं उत्तर असं : तुझा ब्राउझर पासवर्डचा एसएचए-१ हॅश काढतो, म्हणजे गणितानं काढलेला त्याचा ४० अक्षरांचा ठसा. त्यातली पहिली पाचच अक्षरं साइटकडं जातात. साइट त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे फुटलेले सगळे हॅश परत पाठवते आणि जुळणी तुझ्याच संगणकात होते. पूर्ण पासवर्ड किंवा पूर्ण हॅश त्यांना कळत नाही. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या पानावर ही मागणी स्वतः बघ. दुसऱ्या कुठल्या साइटवर मात्र पासवर्ड टाकू नकोस. ईमेल पत्ता टाकून कोणत्या चोरीत तो गेला ते बघणं पुरतं. जुळला तर पासवर्ड बदल आणि दोन टप्प्यांची पडताळणी लाव.

प्रश्न : आमचं गाव चंदगडच्या हद्दीला लागून. फोन कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. महाराष्ट्राचा पकडला की कॉल लागतात, नेट बंद.
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असणार. शेजारच्या सर्कलचा टॉवर म्हणजे अनेक फोनांच्या लेखी रोमिंग, मग फोन डेटा अडवतो. ते चालू करा. देशातल्या रोमिंगला आता बहुतेक प्लॅनमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत, तरी आपल्या प्लॅनचं एकदा विचारून घ्या. घरातल्या कुठल्या खोलीत कोणता टॉवर जोरात आहे तेही बघा. फोनच्या माहितीत सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ८५-९० चांगला, उणे ११०च्या पुढं गेला की फोन दोन टॉवरांत झोके घेतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

प्रश्न : २०० एमबीपीएसचे पैसे भरतो. वायर लावूनही आकडा ९४च्या वर जात नाही, सकाळ असो की मध्यरात्र. लुबाडतात काय आम्हाला?
— एक व्यापारी, निपाणी

उत्तर : कधीही मोजलं तरी ९४ येणं हीच खूण आहे. शंभरच्या इथरनेट पोर्टावर (इथं पोर्ट म्हणजे वायर घालायची खाच) मालासोबत जाणाऱ्या पत्ता-हिशेबाच्या अक्षरांचा भार वजा जाता साधारण ९४-९५च उरतात. तुमच्या नेटवाल्याकडं बोट दाखवण्याआधी केबल बघा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसलेली नसली की दोन्ही यंत्रं गुपचूप शंभरवर समेट करतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ बघा, १०० लिहिलेलं असेल तर नवी ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ केबल लावा. तरीही १०० राहिलं तर ओएनटीचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच तेवढ्याचा आहे. काही पेट्यांना एकच गिगाबिट पोर्ट असतो आणि त्याचा रंग वेगळा असतो, त्यात वायर घालून बघा. बदलल्यावर आकडा किती आला ते कळवा.